कास्त्रोनीसीतली सही

"वहिनी, इथून बघा. एवढा समुद्र एका नजरेत दुसरीकडे कुठे दिसायचा नाही," असं म्हणत राजाध्यक्षांनी माझ्या हातात आइस्क्रीमचा कोन दिला.

आम्ही तटावर उभे होतो. ग्रीसच्या दक्षिण टोकाला कास्त्रोनीसी नावाचं जुनं गाव आहे. समुद्रात घुसलेल्या एका खडकावर वसलेलं, चारी बाजूंनी दगडी तटात बंद. आत यायला एकच दरवाजा आणि त्याच्यापुढे चिंचोळा पूल. मी विजयदुर्गच्या शेजारच्या गावातली. किल्ला म्हटला की आत गवत माजलेलं आणि गुरं चरताना बघायची सवय. इथं किल्ल्यात माणसं राहत होती. तटाच्या कड्यांना दोऱ्या बांधून चादरी वाळत घातलेल्या, बुरुजाच्या सावलीत खुर्च्या मांडून लोक कॉफी पीत बसलेले. ईस्टर जवळ आला होता, त्यामुळे गर्दी होती. एक गोरी बाई माझ्या साडीकडे बघून हसली, खुणेनं विचारलंन आणि माझा फोटो काढलान. मी पण तिच्यासारखीच सहलीला आलेय, असं तिला वाटलं असणार.

राजाध्यक्ष छान माहिती सांगत होते. हा तट व्हेनिसच्या लोकांनी बांधला. मग तुर्क आले, त्यांनी वेढा घातला. आतले लोक कितीतरी महिने लढले, उंदीर खाऊन राहिले. "आणि शेवटी काय केलं माहिती आहे? आतल्याच लोकांनी दरवाजा उघडला. शहाणपणा केला. सगळ्यांचे जीव वाचले. नाहीतर तुम्ही आज बघताय ना, यातलं एक घर उभं राहिलं नसतं."

मी विचारलं, "मग तुर्क किती वर्षं राहिले?"

"ते राहिले बरीच. पण माणसं जगली ना, वहिनी."

मग त्यांनी हात लांब केला आणि खाडीपलीकडच्या नव्या वस्तीत एक पिवळी, चपटी इमारत दाखवली. खिडक्या बारीक, वर तारेचं कुंपण. "दिगंबर तिथे आहे. अकरा वाजता आपली भेट आहे."

माझ्या हातातलं आइस्क्रीम मनगटावर ओघळलं होतं. ते कुठं टाकावं ते मला कळेना, म्हणून मी ते सगळं खाल्लं.

दिगंबर कुबल म्हणजे माझे यजमान. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मी 'हे' म्हणते. हे मालवाहू बोटीवर सेकंड ऑफिसर होते. त्या फेब्रुवारीत कास्त्रोनीसीच्या बाहेर तिन्हीसांजेला ह्यांच्या बोटीची एका मच्छीमाराच्या होडीला धडक बसली आणि तो मच्छीमार गेला. बोट अडवली, चौकशी झाली, आणि चार दिवसांनी कॅप्टन मोकळा होऊन घरी गेला. हे आत राहिले. त्या वेळी पुलावर, म्हणजे बोट जिथून चालवतात तिथे, ड्युटीला हेच होते, असा कॅप्टननं आणि सुकाणूवरच्या माणसानं जबाब दिला होता.

राजाध्यक्ष कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसातून आलेले. मूळचे वेंगुर्ल्याचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. आमच्या घरी येऊन ओट्यावर बसून चहा घेऊन गेले होते. त्यांनी सासूबाईंना नीट समजावून सांगितलं होतं. दिगंबरनं एक जबाब द्यायचा. मी ड्युटीवर होतो, मला होडी दिसली नाही, मी घाबरून कॅप्टनना सांगितलं नाही, नंतर कॅप्टनना कळल्यावर त्यांनीच बंदराला खबर दिली. एवढं कबूल केलं की कोर्ट शिक्षा देईल, पण ती भोगावी लागणार नाही. आठवड्याभरात विमानात. नाही दिला, तर खटला उभा राहील, आणि परक्या देशातला खटला वर्ष चालतो की तीन वर्षं, कुणी सांगावं. पण दिगंबर सही करतो म्हणतो आणि मग गप्प बसतो. घरचं माणूस समोर आलं तर त्याला धीर येईल.

म्हणून त्यांनी मला आणलं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळं त्यांनीच केलं. मी देवगड आगारात एसटीची कंडक्टर होते. कणकवलीच्या पलीकडे फारशी गेलेली नव्हते, ती थेट ग्रीसला निघाले. निघताना सासूबाई माझ्या हाताला धरून एवढंच म्हणाल्या, की त्याला घेऊन ये, बाकीचं आपण घरात बसून बघू. दीर म्हणाले, वहिनी, तिकडे जाऊन डोकं चालवू नको. मैथिली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला सांगितलं होतं, बाबांच्या बोटीचं इंजिन बिघडलंय.

तुरुंगात आम्हाला एका लांब टेबलापाशी बसवलं. शेवटच्या खुर्चीवर राजाध्यक्ष बसले, पेपर उघडून. ह्यांना आणलं तेव्हा मी आधी दुसऱ्याच माणसाकडे बघत होते. केस बारीक कापलेले, खांदे उतरलेले. हे बसले, आणि जरा बाहेर जाऊन घरी आल्यासारखं विचारलंनी, "मैथिली कशी आसा?"

"बरी आसा."

"आवस?" मग आईचं विचारलंनी.

"बरी आसा. तुमची वाट बघतत."

मग बराच वेळ ते टेबलाच्या कडेला नखानं खरवडत राहिले. मी विचारलं, की त्या दिवशी नक्की काय झालं. त्यांनी राजाध्यक्षांकडे बघितलं. राजाध्यक्षांना मालवणी कळत होती, आमच्यापेक्षा चांगली. हे म्हणाले, आता ते उगाळून काय मिळायचं, उद्या न्यायाधीशासमोर सही करतो, म्हणजे सुटलो. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. उठायची वेळ झाली, शिपायानं खांद्याला हात लावला, तेव्हा ते हळूच म्हणाले, "मी हाक मारलंय गो. तेवडाच केलंय."

राजाध्यक्षांनी पेपराची घडी घातली.

मला त्याचा अर्थ लागला नाही. बुडणाऱ्याला हाक मारली असेल, असं मी समजले. दुपारभर हॉटेलच्या खोलीत ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. कंडक्टरकीत एक गोष्ट शिकायला मिळते. कुठं चढलो हे जो खोटं सांगतो, तो कुठं उतरणार हेही खोटंच सांगतो. ह्यांना मी पंधरा वर्षं ओळखत होते. मासळी महाग घेतली तरी खोटं बोलता येत नसे. आणि उद्या एवढं मोठं बोलायला निघाले होते, त्यामुळे त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.

ऊन उतरल्यावर मी एकटीच बाहेर पडले. राजाध्यक्षांनी खोलीत आराम करायला सांगितलं होतं. सकाळी आत येताना दरवाजाच्या कमानीखाली भिंतीवर एक कागद चिकटवलेला मी बघितला होता. काळी चौकट, वर क्रूस, मधे एका तरुण माणसाचा फोटो. मी राजाध्यक्षांना विचारलं होतं तर ते म्हणाले होते, निवडणुकीचं काहीतरी असेल. क्रूस काढून निवडणूक कोण लढवतं, असं तेव्हाच माझ्या मनात आलं होतं.

मी त्या कागदासमोर जाऊन उभी राहिले. अक्षर एक वाचता येत नव्हतं. माणूस चाळिशीच्या आतला, दाढी वाढलेली, बनियनवर, मागे जाळी. आमच्या बंदरावरचा कुठलाही माणूस असावा तसा. मी हात जोडले.

कुणीतरी माझ्या बाजूनं हात घालून त्या कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबला. काळ्या कपड्यातली म्हातारी होती, डोक्याला काळा रुमाल. तिनं माझ्या साडीकडे, कपाळाकडे बघितलं. "इंडिया?" तिनं विचारलं.

तेव्हा मला सहलीला आलेली बाई होता आलं असतं. हसून मान हलवायची आणि पुढं जायचं. पुलावर तशा शंभरजणी होत्या. मी म्हटलं, "येस. शिप. माय हजबंड." आणि खाडीपलीकडे बोट दाखवलं.

ती ओरडेल, थुंकेल, असं वाटून मी दोन्ही पाय घट्ट रोवले. तिनं माझं मनगट धरलं. पकड जाळी ओढणाऱ्याची होती. ती मला दरवाजाच्या आतल्या पहिल्याच गल्लीत घेऊन गेली, एका बेकरीत. तिथे तिचा भाचा मानोलिस पाव रचत होता. त्याला इंग्रजी येत होतं, माझ्यापुरतं मलाही येत होतं. त्यानं मला स्टूल दिलं आणि सांगितलं, ही कतीना, फोटोतल्या त्या मच्छीमाराची, स्टेलिओसची आई. येत्या रविवारी त्याच्या चाळिसाव्याची प्रार्थना आहे, त्याचा तो कागद.

कतीना माझ्यासमोर पिठाच्या पोत्यावर बसली. तिनं एकच प्रश्न विचारला. बोटीवरून खबर कुणी दिली?

मी म्हटलं, मला माहीत नाही. कागदोपत्री कॅप्टननं दिली म्हणतात.

मानोलिसनं तिला ते सांगितलं, तेव्हा तिनं जीभ टाळ्याला लावून 'च्चक' केलं आणि भुवया वर केल्या. मग ती सावकाश बोलत राहिली आणि तो सांगत राहिला. बंदराच्या पोलिसांत रेडिओ ऐकणारा पोरगा तिच्या शेजारणीचा. त्याच्या मागे लागून लागून तिनं तो आवाज ऐकला होता. एक माणूस घाबऱ्या आवाजात पुन्हा पुन्हा सांगत होता, पाण्यात माणूस आहे, या, पाण्यात माणूस आहे. जागा सांगत होता, आकडे सांगत होता. मधेच दुसरा कुणीतरी ओरडला आणि आवाज तुटला. पण जागा कळली होती. गावच्या होड्या गेल्या, तेव्हा स्टेलिओस आपल्याच जाळ्यात अडकलेला सापडला. जिवंत नव्हता. पण सापडला. अर्ध्या तासात प्रवाहानं त्याला बाहेर ओढलं असतं, मग तो कधीच मिळाला नसता. कॅप्टनला तिनं चौकशीच्या दिवशी बघितलं होतं, बोलताना ऐकलं होतं. तो आवाज त्याचा नव्हता.

मी ऐकत होते आणि मला माझी धाकटी आत्या दिसत होती. तिचा नवरा ट्रॉलरवर गेला तो आलाच नाही. बोट नाही, प्रेत नाही, फळकूटसुद्धा नाही. कुंकू लावावं की पुसावं, हे तिला कुणी सांगू शकलं नाही. बारा वर्षं ती रोज लावत होती आणि रोज ते लावताना तिचा हात थांबत होता. 'एक बोट जरी परत दिलान असता दर्यान, तर मी रडून मोकळी झालंय असतंय,' असं ती म्हणायची.

माझ्या मोबाइलमध्ये ह्यांचा आवाज होता. मैथिलीच्या वाढदिवसाला हे बोटीवर होते, तेव्हा फोनवर तिला बेरजा घालत होते, सात आणि आठ किती, नऊ आणि सहा किती. मी तो भरून ठेवला होता. मी तो लावला आणि फोन कतीनाच्या कानाशी धरला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. ह्यांचा आवाज तसा बारीक आहे, आणि आकडा म्हणताना थोडा वर चढतो. संपल्यावर तिनं खुणेनं पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "ने."

मी फोन खाली घेतला. वाटलं, संपलं. नाही म्हणतेय.

मानोलिस म्हणाला, "आमच्यात 'ने' म्हणजे हो."

ह्यांनी हाक मारली होती, ती पाण्यातल्या माणसाला नव्हती. ती त्याच्यासाठी अख्ख्या गावाला मारलेली होती. कॅप्टनच्या समोर, त्याच्या मनाविरुद्ध. त्या हाकेमुळे बोट पकडली गेली, आणि म्हणूनच कंपनीनं ह्यांना पुढं केलं होतं. आणि उद्या हे स्वतःच्या हातानं लिहून देणार होते, की हाक मारली ती मी नव्हे.

गावात सगळ्यांना उद्याचं माहीत होतं. कतीनानं विचारलं, मग तो सही का करतोय? मी सांगितलं, घरी यायचंय म्हणून. तिनं मान हलवली. तिला ते समजलं. मग ती जे बोलली, ते मानोलिसनं मला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ती म्हणते, तुझ्या जागी मी असते, तर घेऊन गेले असते. माझा जिवंत असता तर मी काहीही लिहून दिलं असतं. तुला कुणी बोल लावणार नाही. मीसुद्धा नाही."

निघताना तिनं माझ्या पिशवीत एक गोड पाव घातला, ईस्टरचा, वर लाल अंडं बसवलेला. मी पुलावर येऊन थांबले. समोर ती पिवळी इमारत होती. रागावून 'त्याला खरं बोलायला सांग' असं ती म्हणाली असती, तर माझं ओझं तिच्यावर गेलं असतं. तिनं ते माझ्याकडेच ठेवलं.

सकाळी राजाध्यक्ष मला घ्यायला आले तेव्हा खुशीत होते. परतीचं विमान बघून ठेवलंय म्हणाले. कोर्ट जुन्या गावातच होतं, एका दगडी वाड्यासारख्या इमारतीत, वर पंख असलेला सिंह कोरलेला. आत न्यायाधीश बाई होत्या, माझ्याच वयाच्या, नाकावर चष्मा उतरलेला. एक दुभाष्या होता, तिथे शेतात काम करायला येऊन स्थायिक झालेला पंजाबी. हिंदी आणि ग्रीक दोन्ही बोलायचा. कंपनीचा वकील होता. ह्यांना आणून बसवलं, समोर कागद ठेवले, त्यावर पेन.

राजाध्यक्षांनी विनंती केली, की पत्नीला दोन मिनिटं बोलू द्यावं, आरोपी खचलेला आहे. न्यायाधीश बाईंनी मान हलवली. राजाध्यक्ष माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "दोन शब्द बोला, वहिनी. बस."

मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. ह्यांनी पेन हातात घेतलं होतं.

"सही करू नकात," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघायला लागले. आल्यापासून पहिल्यांदाच.

"काल मी त्येच्या आवशीक भेटलंय. तिना तुमचो आवाज ऐकलेलो आसा. तुमच्या हाकेन तो तिका गावलो. त्या हाकेवर दुसऱ्याचा नाव घालू नकात."

ह्यांनी समोरच्या कागदांकडे बघितलं. मग म्हणाले, "मगे माका हंयच रवाचा लागतला."

"तर रवा."

"किती?"

"माका म्हायत नाय."

"आवस मरात गो."

"आवशीक मी बघतंय. मैथिलीक मी बघतंय. तुमी रवा."

बोलताना माझा आवाज चढला नाही की रडू आलं नाही. गाडीत शेवटच्या सीटवर दारू प्यालेला माणूस तिकीट काढत नसला की जो आवाज काढावा लागतो, तोच आवाज होता. आपल्या माणसाशी मी तो कधी काढला नव्हता.

मग त्यांनी पेन कागदावर आडवं ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

दुभाष्याला मालवणी कळली नव्हती. त्यानं राजाध्यक्षांना विचारलं, काय बोलल्या? राजाध्यक्ष पटकन म्हणाले, धीर देतायत, घाबरलाय तो, आता करेल. मी उभी राहिले आणि दुभाष्याला सरळ हिंदीत सांगितलं, की मी ह्यांना सही करू नका म्हटलंय. कागदात लिहिलंय ते खोटं आहे. बंदराच्या पोलिसांकडे रेडिओवरचा आवाज आहे, तो ह्यांचा आहे, तो ऐका आणि मग काय ते लिहा. मग त्यानं एकेक शब्द नीट पोचवला. कंपनीचा वकील मधे काही बोलायला लागला, तर बाईंनी हात वर केला. त्यांनी समोरची फाइल चाळली, पुन्हा चाळली, आणि ह्यांना विचारलं, तुम्हाला हा जबाब द्यायचा आहे का.

"नो," हे म्हणाले.

ह्यांना परत नेलं. दारातून जाताना ह्यांनी मागे वळून बघितलं नाही. मी वाट बघत होते, पण बघितलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर राजाध्यक्षांनी सिगरेट पेटवली. ते ओरडले नाहीत, तसे सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "मिसेस कुबल, तुम्ही आज काय केलंत ते तुम्हाला कळलंय का? आठ दिवसांत घरी आला असता. तुम्ही तुमच्या हातानं त्याला आत ढकललंत." वहिनी म्हणणं तिथेच संपलं. कंपनी आता ह्या माणसाशी काही संबंध ठेवणार नाही, वकीलही काढून घेईल, असंही त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "ठेवू नका." मी पायरीवर बसले आणि पिशवीतला पाव मोडून खाल्ला.

रविवारच्या प्रार्थनेला मी चर्चमध्ये मागे उभी राहिले. कुणी मला पुढं बोलावलं नाही, कुणी बाहेरही काढलं नाही. सोमवारी विमानात बसले.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. सासूबाई माझ्याशी पाच महिने बोलल्या नाहीत. मी वाढलेलं ताट त्या घेत, पण मला न बघता. दिरांनी गावात सांगितलं, की हिनं नवऱ्याला तुरुंगात बसवून ठेवलंय. बाजारात, गाडीत, आगारात, मी ते ऐकलं. एकदा तर माझ्याच गाडीत एक माणूस शेजाऱ्याला सांगत होता, ती ही. मी त्याचं तिकीट फाडून दिलं आणि पुढं गेले. ह्यांचं पहिलं पत्र चार महिन्यांनी आलं. त्यात माझी चौकशी नव्हती.

तिथल्या सरकारनं दिलेल्या एका तरुण वकिलानं केस लढवली. रेडिओचा आवाज शेवटी कोर्टात लागला. त्यावरून सुकाणूवरच्या माणसाला परत विचारलं, तेव्हा तो अडखळला, आणि मग बाकीचं, बोट त्या वेळी कॅप्टनच चालवत होता हेसुद्धा, एकेक करून बाहेर आलं. तारखा पडत गेल्या. दर तारखेला कतीना कोर्टात यायची आणि ह्यांच्या मागच्या बाकावर बसायची. दुभाष्यानं मला नंतर फोनवर सांगितलं, की निकालाच्या दिवशी सरकारी वकिलानं तिला आपल्या बाजूला बसायला सांगितलं, तर ती म्हणाली, मी बसलेय तिथे बरी आहे.

दीड वर्षानं हे सुटले. देवगडच्या स्टँडवर उतरले तेव्हा केस पांढरे झाले होते. सासूबाईंनी त्यांच्या अंगावरून हात फिरवला, मग माझ्याही. बोटीवर मात्र हे परत गेले नाहीत. कुणी बोलावलं नाही, आणि ह्यांनीही विचारलं नाही. आता खाडीवर तरीचं, म्हणजे लोकांना पलीकडे पोचवणाऱ्या होडीचं बघतात, दोन पोरांना बोटीचं शिकवतात. त्या दीड वर्षाबद्दल घरात कधी बोलले नाहीत. एकदाच, आल्यानंतर पहिल्या गणपतीत, आरास करता करता म्हणाले होते, की पहिले चार महिने मला तुझा एवढा राग होता, की तुझं नाव काढलं तरी पाणी प्यावं लागायचं. मी म्हटलं, माहीत आहे.

गेल्या मार्गशीर्षात मैथिलीला बघायला मालवणहून माणसं आली. मुलगा चांगला, घर चांगलं. मुलाचे काका मोठे बोलके. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि घसा साफ केला. मला कळलं आता काय येणार ते. हा प्रश्न आमच्या ओट्यावर पहिल्यांदा येत नव्हता. एरवी तो आला की हे उठून मागच्या दारी जात आणि उत्तर मी देत असे.

काका म्हणाले, ऐकीव आहे, खरंखोटं देव जाणे, पण तुम्ही म्हणे मधे परदेशात अडकला होता, काहीतरी तुरुंगबिरुंग.

मी तोंड उघडलं. पण हे उठले नाहीत. हे तिथेच बसून होते, खुर्चीला टेकून.

"अडकलो नव्हतो," हे म्हणाले. "आठ दिवसांत सुटत होतो. हिनं ठेवलं मला."

काकांना काही कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले. हेही माझ्याकडे बघत होते, आणि हसत होते.

मी म्हटलं, "चहा घ्या, निवतोय."